सॉल्ट प्रिंटसाठी तवकिरीची खळ: पाचपैकी चार

उपासाच्या खिरीसाठी वाण्याकडे मिळते तीच ही तवकीर. आमच्याकडे मात्र ती खिरीपेक्षा कागदालाच जास्त लागते. सॉल्ट प्रिंट म्हणजे कागदाला आधी मीठ आणि मग सिल्व्हर नायट्रेट लावून त्यावर उजेडात फोटो छापायची जुनी पद्धत. त्याआधी कागदाला पेजेसारखा पातळ थर देतात, ती खळ.

मऊ सुती हातकागदावर खळ न देता छाप काढला, तर चांदीचे क्षार आत मुरतात आणि वाळल्यावर सावल्या पिठूळ दिसतात. खळीमुळे प्रतिमा वरच्या थरात राहते. छायाचित्रणाचा इंग्रज जनक टॅल्बट याने १८३०च्या दशकात सॉल्ट प्रिंटची पद्धत काढली, तेव्हा इंग्लंडातल्या लिहिण्याच्या कागदांना जिलेटिनची खळ मुळातच असे. आपल्याला ती हाताने द्यावी लागते.

माझं प्रमाण: अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी, १० ग्रॅम तवकीर, १० ग्रॅम बिनआयोडीनचं मीठ. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, मग उकळत्या पाण्यात धार धरून ढवळत राहायचं. दुधट रंग जाऊन पारदर्शक झालं की गॅस बंद. निवताना वर साय धरते, ती काढाच. तिची एक गुठळी ब्रशखाली आली, की सिल्व्हर नायट्रेट तिथे नीट बसत नाही आणि ऐन चेहऱ्यावर पांढरट ओरखडा उमटतो.

जिलेटिनचा छाप किंचित गुळगुळीत येतो, हे मान्य. पण ते जनावरांच्या हाडा-कातड्यांचं, आणि आमच्या स्वयंपाकघरात त्याला मज्जाव आहे!

एक गुण कापला तो सुट्या पुड्यांसाठी. त्यांत सर्रास मक्याचं पीठ निघतं. शिवाय खळ उरवून ठेवता येत नाही, लगेच आंबते. हानम्यूले या जर्मन कंपनीचा, अशा छापांसाठीच बनवलेला प्लॅटिनम रॅग कागद परवडत असेल, तर ही खटपट न करताही चालेल.