जांभा, करवंटी आणि जेल सुपरग्लू: फिश टँकमधील झाडे चिकटवणाऱ्या गोंदाचे परीक्षण

गोड्या पाण्याच्या फिश टँकमध्ये दगडावर किंवा लाकडावर झाड बसवायचे, तर पूर्वी दोऱ्याने बांधणे हाच मार्ग होता. अलीकडे अनेकजण त्यासाठी जेल स्वरूपातील सुपरग्लू वापरू लागले आहेत. रत्नागिरीतील माझ्या घरच्या टाकीत हा गोंद मी काळा दगड, जांभा आणि करवंटी या आपल्याकडे सहज मिळणाऱ्या वस्तूंवर वापरून पाहिला आहे. अनुबियास आणि जावा फर्न यांच्यासाठी तो मी निःसंकोच सुचवेन, जावा मॉस या बारीक पुंजक्यांनी वाढणाऱ्या वनस्पतीसाठी मात्र सुचवणार नाही.

अनुबियास आणि जावा फर्न यांचे आडवे, जाड खोड वाळूत पुरले की कुजू लागते आणि पाठोपाठ सगळे झाड जाते, म्हणून ही झाडे कशाला तरी धरून वाढवावी लागतात. त्यांना लागणारे पोषण ती पाण्यातूनच घेत असल्यामुळे खोडाच्या खालच्या बाजूला गोंदाचा एखादा ठिपका पडला तरी त्यांचे काही बिघडत नाही. ट्यूबवर ‘सायनोॲक्रिलेट’ हा घटक लिहिलेला आहे, हे मात्र विकत घेतानाच पाहून घ्यावे. हा गोंद घट्ट झाल्यावर माशांना अपाय करत नाही, आणि खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत प्रवाळाचे तुकडे खडकावर बसवण्यासाठीही तोच वापरतात. ज्याला आपण सरसकट फेविक्विक म्हणतो, तो पातळ प्रकार या कामासाठी गैरसोयीचा आहे, कारण तो खोडावरून ओघळून पानांच्या देठांपर्यंत पोहोचतो; जेल जिथे लावावे तिथेच राहते आणि खोड व दगड यांच्यामधली फटही भरून काढते.

करवंटीवर जेलचा हा गुण सर्वांत उपयोगी पडतो. करवंटीच्या गोलाव्यावर सरळ खोड जेमतेम एकदोन ठिकाणीच टेकते आणि उरलेली जागा गोंदालाच भरावी लागते. त्यासाठी करवंटीच्या बाहेरची सोडणाची किशी, म्हणजे काथ्याचे तंतू, पूर्ण खरवडून काढावी, आत खोबऱ्याचा अंश राहू देऊ नये, करवंटी चांगली उकळावी आणि नंतर कडक वाळवावी. किशीवर चिकटवलेले झाड किशीसकट सुटून येते. काळ्या दगडावर काम सर्वांत सोपे आहे. जांभ्याची गोष्ट निराळी. त्याच्या छिद्रांमध्ये पाणी इतके मुरलेले असते की वरून कोरडा दिसणारा दगडही आतून ओला निघतो, आणि ओल्या जागी गोंदावर लगेच साय धरून पकड कच्ची राहते. म्हणून जांभा कित्येक दिवस उन्हात वाळवल्यावरच वापरावा. एकदा झाड बसले की मात्र त्याच छिद्रांमध्ये मुळे शिरतात आणि पुढे गोंदाची गरजच उरत नाही. बाजारात मिळणाऱ्या गुळगुळीत रेझिनच्या किल्ल्यांवर मुळांना धरायला काहीच नसते, त्यामुळे तिथे सगळा भार कायम गोंदावरच राहतो.

खोड टिपकागदाने कोरडे करावे, वाढीचे टोक मोकळे ठेवून खालच्या बाजूला थोडेसेच जेल लावावे, झाड अर्धा-एक मिनिट हलके दाबून धरावे आणि मग वस्तू पाण्यात सोडावी. पाणी लागताच गोंद पांढरा पडतो आणि सुरुवातीला तो पांढरेपणा डोळ्यांना खुपतो, पण मुळे पसरली आणि शेवाळ चढले की तो झाकला जातो. जोड कडक असला तरी ठिसूळ असतो. ज्या टाकीत मोठे सकर फिश दगडांवरून सतत खरवडत फिरतात, तिथे नवे झाड उखडण्याची शक्यता राहते.

मॉसच्या बाबतीत हा गोंद अगदीच गैरसोयीचा ठरतो. मॉसला जाड खोड नसते, सगळा पुंजका गोंदात बुडतो, बुडालेला भाग मरतो आणि हिरव्या गादीत पांढरे डाग उरतात. त्यासाठी आपल्या किनाऱ्यावर कुठेही मिळणारी बारीक तंगूस, म्हणजे मासे पकडण्याची नायलॉनची दोरी, उत्तम. ती पाण्यात कुजत नाही आणि मॉस वाढल्यावर दिसतही नाही. फक्त तिचे सैल फास राहू देऊ नयेत, कारण लहान मासे त्यांत अडकतात. सुती दोरा आणि हा गोंद मात्र कधीही एकत्र वापरू नयेत: कापसाशी संयोग होताच गोंद झपाट्याने तापतो, धूर येतो आणि बोटे भाजू शकतात.

कोकणातल्या ग्राहकाला सर्वांत जास्त जाणवेल तो दोष ट्यूब टिकण्याचा आहे. हा गोंद ओलाव्यामुळेच घट्ट होत असल्याने आपल्या दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, उघडलेली ट्यूब लवकर निकामी होते. झाकण लावण्यापूर्वी तोंड पुसून ती घट्ट डब्यात, औषधांच्या बाटलीतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवली तर थोडी अधिक चालते. तरीही मोठी ट्यूब घेण्याऐवजी लहान ट्यूब घ्यावी आणि बसवायची सगळी झाडे एकाच बैठकीत बसवावीत.