उणे सहा सेंटिमीटरची मेणबत्ती

लेकीसाठी गणितातल्या फंक्शनच्या, म्हणजे एका आकड्यावरून दुसरा ठरवणाऱ्या नियमाच्या, खुणा वाचायला शिकवणारा एक ऑनलाइन सरावसंच घेतला आणि तिच्या शेजारी पेन्सिल घेऊन मीच बसले. गणिताशी माझा काडीमोड होऊन वीस वर्षं झालीत. पहिल्याच पानावर उ(२) दिसलं आणि आम्ही दोघींनी ते बिनधास्त 'उ गुणिले दोन' असं वाचलं. गणितज्ञ ऑयलरने १७३४ साली ही कंसाची पद्धत वापरली, असं तिथेच लिहिलंय. तीनशे वर्षं होत आली, तरी कंस अजून फसवतोच!

संचातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे तो लगेच आकडेमोड करू देत नाही. आधी वाक्य लिहायचं, तेही एककासकट. उ(त) म्हणजे त तास जळल्यावर उरलेली मेणबत्तीची उंची, सेंटिमीटरमध्ये. मग उ(२) = १८ म्हणजे काय? लेकीने लिहिलं, "अठरा तासांनी दोन सेंटिमीटर." कंसातलं आणि बाहेरचं उलटंपालटं. उ(त) = ९ आलं तेव्हा मात्र ती सावरली: आता उंची दिलीय, वेळ शोधायचीय. सुरुवातीची उंची २४, तासाला ३ सेंटिमीटर जळते, म्हणजे पाच तास.

खरा कस लागला तो उ(त + २) आणि उ(त) + २ या जोडीला. पहिली म्हणजे आणखी दोन तास जळलेली मेणबत्ती. दुसरी म्हणजे आत्ताचीच मेणबत्ती, दोन सेंटिमीटरच्या ठोकळ्यावर ठेवलेली. त = २ घेतलं तर एकीकडे १२, दुसरीकडे २०. या एका पानावर आमची अख्खी संध्याकाळ गेली. पण त्यानंतर दोघींपैकी एकीनेही कंस मोडला नाही.

फोनच्या बॅटरीचा धडा ठीकठाक, तेच पुन्हा.

आता तक्रार. शेवटच्या स्वाध्यायात उ(१०) विचारलंय आणि उत्तरसूचीत चक्क −६ दिलंय. अहो, मेणबत्ती आठव्या तासालाच संपली! त ची किंमत कुठपर्यंत चालते, याबद्दल संचात अवाक्षर नाही. एवढं वाक्यावाक्याने शिकवून शेवटी सूत्रात आकडा कोंबायचा? त्या उत्तराचंही वाक्य करून बघितलं असतं, तर चूक लगेच दिसली असती.

पाचपैकी चार तारे. एक तारा त्या उणे सहासाठी कापला. लेकीने उत्तरसूचीवर काट मारून शेजारी लिहिलंय, "टेबलाच्या खाली?"