आल्याचा दिवस धरायचा की नाही? झिम्बाब्वेच्या बफेलो सफारीचा आठ महिन्यांनंतरचा अनुभव

काल झिम्बाब्वेच्या सफारीवाल्यांकडून पाचव्यांदा तेच बिल आलं. चारशे पन्नास डॉलर, 'एक जादा दिवस'. बफेलोच्या, म्हणजे आफ्रिकन रानम्हशीच्या, शिकारीची ती सफारी होऊन आठ महिने झाले, बुटांचे तळवे बदलून झाले, पण हे बिल काही पिच्छा सोडत नाही. म्हटलं, आता सगळं लिहूनच टाकू. कॅलिबर, परमिट, मलेरियाच्या गोळ्या हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

मी जोहान्सबर्गला १९ वर्षं आहे. मूळचा गडहिंग्लजकडचा. इथल्या मित्रांबरोबर दर हिवाळ्यात कुडू-इम्पालासारख्या हरणांच्या शिकारीला जायची सवय लागली, परवाना झाला, मग एक जुनी .३७५ रायफल घेतली. ती घेतली की माणूस बफेलोचा विचार करायला लागतोच, कारण कुडू-इम्पालाला ती लागत नाही.

कुठे जायचं यावर मी चार महिने एक्सेल घेऊन बसलो होतो. केनिया पहिल्याच ओळीत बाद; तिथे १९७७ पासून शिकार बंद. (आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं हा विषयच संपलाय. तरी 'दाजीपूरचा गवा मिळेल का' असं मला एकानं गंभीरपणे विचारलं होतं. बाबा रे, ते अभयारण्य आहे, आणि गवा वेगळा, बफेलो वेगळा.) बोट्सवानानं २०१४ ला बंदी घातली, २०१९ ला उठवली; पण तिकडची सगळी चर्चा हत्तीभोवती फिरते, आणि हत्ती माझ्या खिशातही बसत नाही आणि मनातही नाही. टांझानिया म्हणजे या धंद्यातली पंढरी, मान्य. पण तिथे दिवसांचं किमान बंधन आहे, सिंहासाठी तर एकवीस दिवस, आणि वर सरकारी फियांची शेपटी. मोझांबिकला मारोमेऊच्या दलदलीत बफेलोंचे भलेमोठे कळप आहेत. १९९२ ला तिथलं गृहयुद्ध संपलं तेव्हा जवळपास काहीच उरलं नव्हतं, त्यातून हे परत उभं राहिलं. मनापासून जायचं होतं. पण चार्टर विमानाचं भाडं पाहिलं आणि ती ओळ एक्सेलमध्ये लाल करून टाकली.

राहिली दक्षिण आफ्रिका, म्हणजे घराजवळची. इथे बफेलो बहुतेक खासगी रानात, कुंपणाच्या आत, आणि रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र असलेला. त्यामुळे तो जनावर कमी आणि ठेव जास्त. २०१६ मध्ये होरायझन नावाच्या एका पैदाशीच्या वळूचा चौथा हिस्सा ४.४ कोटी रँडला विकला गेला होता. चौथा हिस्सा! मेहसाणा म्हशीचा भाव ऐकून डोळे पांढरे करणाऱ्या घरात मी वाढलोय. म्हटलं, हे आपलं काम नाही.

झिम्बाब्वे तीन कारणांनी ठरलं. एक, गाडीनं जाता येतं, स्वतःची बंदूक घेऊन. दोन, तिथल्या पीएचची, म्हणजे शिकाऱ्याला रानात नेणाऱ्या परवानाधारक वाटाड्याची (प्रोफेशनल हंटर) परीक्षा. लेखी पास झाला तरी अनेक वर्षं उमेदवारी, आणि शेवटी रानात प्रत्यक्ष चाचणी. पुढे चालणारा माणूस कोण, यावर या प्रकारात जीव अवलंबून असतो, देशाच्या नावावर नाही. आणि तिसरं, खरं कारण: तिथे मादी बफेलो मिळते. ट्रॉफीवाल्यांना रुंद शिंगांचा म्हातारा नर हवा असतो, कपाळावर हाडाची टोपी असलेला. मादीला ती टोपी नसते, त्यामुळे भिंतीवर टांगणाऱ्यांना ती नको असते, त्यामुळे ती नराच्या मानानं फारच स्वस्त. चालणं तेवढंच, माग काढणं तेवढंच, धोका तेवढाच. किंबहुना जास्त. म्हातारे नर दोघंतिघं असतात, मादी दोनशेच्या कळपात असते आणि कळपाला चारशे डोळे असतात.

हे मी गावी फोनवर समजावून सांगितलं. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढा पैसा घालून म्हसरू माराय गेलतास व्हय रे?"

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

सप्टेंबरात निघालो. बैतब्रिज सीमेवर बंदुकीचे कागद, गोळ्यांची मोजणी, नुसती रांगच रांग. त्यावर वेगळा लेख होईल. हरारेहून उत्तरेला जाऊन डोंगराची धार उतरलं की झांबेझीचं खोरं लागतं आणि एकदम कुणीतरी भट्टीचं दार उघडल्यासारखं होतं. आमचा भाग दांडेचा, म्हणजे राष्ट्रीय उद्यान नव्हे, गावांची सामायिक जमीन. कॅम्पफायर योजनेत १९८९ पासून असल्या जिल्ह्यांच्या परिषदांना आपल्या हद्दीतल्या प्राण्यांवर हक्क मिळाला, आणि शिकारीच्या पैशातला वाटा तिकडे जातो. कागदावर किती आणि गावात किती पोचतो यावर तिथलेच लोक भांडतात. मांस मात्र गावात जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

एक सूचना. निळे-काळे कपडे नेऊ नका. त्सेत्से माशीला हेच रंग आवडतात, तिला पकडायचे कापडी सापळेसुद्धा निळे-काळेच असतात. बायकोनं सेलमध्ये घेतलेला गडद निळा टी-शर्ट मी दुसऱ्या दिवशी घातला. नवा टी-शर्ट कपाटात कशाला पडू द्यायचा? ट्रकच्या मागच्या बाजूला बसलेले सगळे माझ्याकडे बघून हसत होते, ते का, हे अर्ध्या तासानं कळलं. कापडातून चावते ती.

आता मूळ मुद्दा. करार 'सात दिवसांचा'. मी पोचलो दुपारी तीनला. चहा झाला, मग बंदूक बरोबर लागते का बघायला झाडाला कागद टांगून तीन गोळ्या मारल्या, मग जेवण, मग झोप. हा त्यांनी पहिला दिवस धरला! कागदाची शिकार. तीन गोळ्या, चारशे पन्नास डॉलर. मी विचारलं तेव्हा पीएच म्हणाला, "सगळीकडे असंच असतं." सगळीकडे असं नसतं. काही जण आल्या-गेल्याचा दिवस धरत नाहीत, काही अर्धा धरतात, काही एकच धरतात. देश, नदी, कळप हे सगळं निवडायच्या आधी करारात ही एक ओळ शोधा. जखमी जनावर हाती लागलं नाही तरी पूर्ण पैसे, हे कलम सगळ्यांना माहीत असतं, त्यावर कुणी भांडतही नाही. पण दिवस म्हणजे काय, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

मधले सहा दिवस थोडक्यात सांगतो, कारण ते सगळे सारखेच गेले. साडेचारला चहा, पाणवठ्यावर ताजा माग, आणि मग चालणं. पुढे म्हातारा ट्रॅकर. त्याला सगळे 'सेकुरू' म्हणतात, शोना भाषेत आजोबालाही सेकुरू आणि मामालाही सेकुरू. मी मामाच म्हणत होतो मनात. त्याच्या हातात राखेची छोटी पिशवी. दर काही पावलांनी झटकायची आणि राख कुठे उडते बघायचं. वारा पाठीवर आला की खेळ संपला. शेण पायानं उलटून तो सांगायचा, आत्ताचं की सकाळचं. आणि जेस. हा शब्द लक्षात ठेवा. झांबेझीच्या खोऱ्यात काटेरी झुडपांची अशी गचपण असते की पाच पावलांवरची म्हैस दिसत नाही, फक्त तिचा श्वास ऐकू येतो. दुपारी कळप तिथे जाऊन बसतो. सहा दिवसांत आम्ही चार वेळा त्याच्या काठापर्यंत गेलो. दोनदा वारा फिरला, एकदा पाठीवरच्या पक्ष्यांनी बोंब मारली आणि दोनशे जनावरं आमच्या डावीकडून रेल्वेसारखी गेली. एकदा पीएचनंच मागे फिरवलं. आत गोळी लागून जखमी झाली तर मागे जायची जागा नाही, म्हणाला. मला राग आला होता. दिवसाचे चारशे पन्नास माझे चालले होते, त्याचे नव्हे!

सातवा दिवस संपला, हात रिकामे. रात्री मी सामान भरायला घेतलं. पीएच आला आणि म्हणाला, "उद्या तू दहाला निघणार ना? मग साडेचारला ऊठ."

आठव्या सकाळी कळप रात्रीचा पाण्यावरून परतत होता, अजून जेसच्या बाहेर, मोपाने झाडांच्या उघड्या रानात. सेकुरूनं बंदूक टेकवायचं तिकाटणं उभं केलं. पीएचनं दुर्बिणीतून बराच वेळ बघितलं, मग बोटानं दाखवलं. उजवीकडची, कान फाटलेली, पाठीचे हाड वर आलेली. भाकड. बरोबर वासरू नाही. तिच्या मागे दुसरी कुणी नाही, हे होईपर्यंत थांबायचं, कारण गोळी पार गेली तर मागचीला लागते. म्हणून पहिली गोळी सॉफ्ट, म्हणजे आत फुलून अडकणारी; कळपात पार जाणारी सॉलिड नाही. किती थांबलो माहीत नाही. माझं अंग थरथरत होतं, आणि तिकाटण्यावर ते सगळं बंदुकीत उतरतं. मग कळप सरकला, ती एकटी उघडी पडली. मी मारली. पीएचनं आपली .४५८ रायफल उचलली होती, पण त्याला ती वापरावी लागली नाही. साठेक पावलं गेली आणि पडली. मग तो आवाज आला, लांब हंबरडा. तो मी इथे लिहिणार नाही. गावी गोठ्यात लहानपणी एक म्हैस अडली होती तेव्हा ऐकलेला आवाज होता तो. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

नऊ वाजेपर्यंत गावातून माणसं आली, कुऱ्हाडी, घमेली घेऊन. अकरापर्यंत तिथे रक्ताचा डाग आणि गवत एवढंच उरलं.

आणि निघताना बिल. आठ दिवस.

मी म्हटलं, सातच, आल्याचा धरू नका. त्यांनी म्हटलं, शेवटच्या दिवशी शिकार झाली. मी सातच दिवसांचे पैसे मोजून दिले. (सुट्ट्या नोटांची तिकडे बोंब असते, फाटक्या एक डॉलरच्या गड्ड्या घेऊन जा.) त्यांनी हसून घेतले आणि कातडं ठेवून घेतलं. ते अजून हरारेच्या टॅनरीत आहे. 'बाकी मिळाली की पाठवू.' मग सहा महिने ईमेल. मी शिकारीच्या सरकारी फॉर्मचा, टीआर-२ चा, फोटो पाठवला, की बघा, त्यावर तारखा आहेत. पाठवल्यावर नीट पाहिलं. सुरुवातीची तारीख मी आलो त्याच दिवसाची. खाली माझी सही.

सुरुवातीच्या ओळी सोडल्या तर इथपर्यंत हा लेख मार्चमध्ये लिहून ठेवला होता आणि दोन तारे द्यायचे ठरवले होते. पुढचं आत्ता लिहितोय.

एप्रिलमध्ये एक सहकारी इथेच, दक्षिण आफ्रिकेतल्या लिम्पोपोत, नर बफेलो मारायला गेला, मला सोबत नेलं. बरोबर येणाऱ्यालाही दिवसाचे पैसे लागतात, ते त्यानंच भरले म्हणून गेलो. तीन दिवसांचं पॅकेज, आल्या-गेल्याचे दिवस फुकट, करारात स्वच्छ लिहिलेलं. एसी, गरम पाणी, रात्री पुडिंग. कागदोपत्री मला हवं होतं ते सगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकमधून फिरताना मालकानं लांबून तीन नर दाखवले. प्रत्येकाला नंबर होता आणि प्रत्येक नंबराला भाव. सहकाऱ्यानं मधला निवडला, ट्रकमधून उतरून शंभरेक पावलं चालला, बंदूक टेकवली. नाश्त्याच्या आत झालं. मी मागे वळून पाहिलं तर कुंपणाची तार दिसत होती. तो खूश होता, मी त्याचं अभिनंदन केलं, आणि परतीच्या वाटेवर मला सेकुरूची राखेची पिशवी आठवत राहिली. एवढ्या सोयीत मी दिवस मोजलेच नाहीत. मोजावे असं तिथे काही घडलंच नाही.

म्हणजे त्यांचं बिल बरोबर का? नाही. आल्याचा दिवस धरणं चूकच, आणि कुणी विचारलं तर मी मरेपर्यंत हेच सांगेन. पण आठव्या दिवशी साडेचारला उठवायची त्या पीएचवर सक्ती नव्हती. तो झोपला असता तर मी रिकाम्या हातानं बैतब्रिजच्या रांगेत उभा असतो, आणि जेसच्या काठावरून मला मागे फिरवलं म्हणून त्यालाच शिव्या देत असतो. चार तारे. पाचवा त्या कागदाच्या शिकारीचा कापला.

काल रात्री पैसे पाठवले. बायको म्हणाली, हेच सप्टेंबरात केलं असतं तर कातड्याची खुर्ची आत्तापर्यंत तयार झाली असती. (आत्याचं मत असं की खुर्ची नको, कापशीला पाठव, चपला होतील चार जोड.) त्याच ईमेलमध्ये पुढच्या सप्टेंबरची चौकशी केली, पुन्हा मादीच, पण या वेळी अट घातली, 'आल्याचा दिवस शून्य' असं करारात लिहून पाहिजे.

आज सकाळी उत्तर आलं. चालेल, म्हणाले. फक्त शून्य दिवशी जेवण मिळणार नाही.

दशम्या घेऊन जाणार आहे.