बर्फाचा फोटो दाखवून विकलेलं सीलर

ज्यांच्या घरी यंदा मे महिन्यात अंगणाचं काम निघणार आहे त्यांनी हे आधी वाचावं, म्हणून लिहायला बसले आहे. आमचे पैसे गेले. सासूबाईंचा हात मोडला. हे दुसऱ्या कुणाच्या घरी होऊ नये.

आमचं घर खानापूर रस्त्याला, बेळगावपासून गाडीनं वीसेक मिनिटांवर. अंगण ६४० चौरस फूट, त्यात शहाबादी फरशी होती. आमच्याकडचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना जूननंतर त्या फरशीचं काय व्हायचं ते सांगायला नको. सांध्यासांध्यांत शेवाळ. सासूबाई ७९ वर्षांच्या, सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घेत नाहीत. पावसाळाभर त्यांना हात धरून न्यावं लागायचं. मी मराठी शाळेतून निवृत्त झाले, ग्रॅच्युइटी आली, तेव्हा पहिला खर्च अंगणाचा हे मनात पक्कं होतं.

एप्रिलच्या शेवटी एक ठेकेदार मोटारसायकलवरून आला. स्टॅम्प काँक्रीट करतो म्हणाला. ओल्या काँक्रीटवर रंगाची पावडर मारायची, वर रबरी साचे ठोकून दगडाचा ठसा उमटवायचा, वाळल्यावर सीलर, म्हणजे पाणी आत मुरू नये म्हणून द्यायचा वरचा थर, मारायचा, की फरशी नको आणि सांधेही नकोत. त्यानं मोबाइलवर एक फोटो दाखवला: दोन्ही बाजूंना कमरेएवढा बर्फ, आणि मधून घरापर्यंत गेलेली दगडी वाटावी अशी वाट. "हे बघा बाई, कॅनडात उणे तीसमध्ये टिकतंय. खरं तुमच्याकडं थंडी ती किती, दहा-बारा डिग्री. तिथं टिकलं ते इथं पन्नास वर्षं हलणार नाही."

त्या फोटोनं माझं मन वळलं. बेळगावच्या थंडीचं आम्हा सगळ्यांना कौतुक असतं, आणि एवढ्या बर्फात टिकणारी वस्तू म्हणजे पक्कीच असणार असं वाटून गेलं. आमच्या अंगणाचा वैरी थंडी नव्हे, पाणी, हे मला रोज दिसत होतं. तरी त्या क्षणी ते सुचलं नाही.

दर ठरला चौरस फुटाला ११५ रुपये, काँक्रीट ४ इंच जाड. सीलरचे वेगळे २८ रुपये, कारण ते "इंपोर्टेड, थंड देशातलं". सगळे मिळून ९१,५२० रुपये. साध्या कागदावर मराठीत लिहून त्यानं सही केली. ४० हजार इसार फोनवरून पाठवताना स्क्रीनवर एका बाईचं नाव आलं. "घरचंच खातं आहे," म्हणाला. पक्कं बिल मागितलं तर, "टॅक्स वर पडेल बाई, तुम्हाला कशाला भुर्दंड?" ही दोन्ही वाक्यं मी ऐकून घेतली. तिथंच थांबायला हवं होतं.

काम दोन दिवसांत झालं आणि दिसायला सुरेख झालं, हे खोटं कशाला सांगू. यजमान उद्यमबागेतल्या फौंड्रीत ३१ वर्षं पॅटर्नमेकर होते. साचे हातात घेऊन त्यांनी पाठीमागून पुढून पाहिले, ठसा कसा सुटतो ते बघत दुपारभर उन्हात उभे राहिले. त्यांच्या नजरेतून सुटली ती जाडी, कारण ओतायच्या दिवशी सकाळी ते बँकेत गेले होते.

नवव्या दिवशी तो सीलर घेऊन आला. आदल्या संध्याकाळी वळीव कोसळला होता. तुळशीकट्ट्याच्या बुडाला अजून पाणी साचलं होतं, ते मी दाखवलं. "वरून सुकलंय की बाई," म्हणाला. माणसांनी फडक्यानं पुसलं, अर्धा तास ब्लोअर फिरवला आणि डब्यातून सरळ ओतून रोलरनं पसरलं. खोलगट ठशांत ते अगदी साचून राहिलं. तासाभरात अंगण ओल्या काळ्या पाषाणासारखं चमकायला लागलं. गल्लीतली माणसं बघायला आली. उरलेले ५१,५२० त्यानं त्याच दुपारी घेतले.

चौथ्या दिवशी तुळशीजवळ पांढरा डाग दिसला. रांगोळी सांडली असेल म्हणून मी फडकं घेऊन बसले. पुसला जाईना. बोट फिरवलं तर डाग वर नव्हता, चकाकीच्या खाली होता, काचेखाली ठेवल्यासारखा. आठवड्याभरात निम्मं अंगण दुधाळलं. पहिल्या मोठ्या पावसानंतर नख लावलं की तापल्या दुधावरची साय निघावी तसा पापुद्रा निघायचा.

तो एकदा आला. "पावसानं झालंय, अजून एक हात मारावा लागेल," म्हणून ६ हजार घेतले आणि त्या पांढऱ्यावरच दुसरा थर चढवला. त्यानंतर फोन बंद.

आषाढात सासूबाई पडल्या. रात्रभर भुरभुर पाऊस होता, अंगण तुपाचा हात फिरवल्यासारखं झालेलं. मी आत दिवा लावत होते, मला तांब्या पडल्याचा आवाज आला. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्या अजून म्हणतात, "माझाच पाय घसरला गं." नाही. त्या चकाकीच्या थरात पाय धरणारी पावडर घालायची असते, ती घातलीच नव्हती. उतारावर, पायरीजवळ, म्हाताऱ्या माणसांच्या वाटेवर ती लागतेच.

माझी भाची कॅलगरीला असते. तिच्या दारातही असंच काँक्रीट आहे, म्हणून तिला व्हिडिओ कॉलवर अंगण दाखवलं. ती म्हणाली, "मावशी, हे थंडीचं दुखणंच नाही." मग तिनं तिकडची रीत सांगितली, आणि ऐकता ऐकता मला कळत गेलं की त्या माणसानं त्या बर्फाच्या फोटोत काय काय लपवलं होतं.

तिकडं थंडी झेलतं ते मुळात काँक्रीट. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. म्हणून ओतायच्या वेळीच मिश्रणात एक रसायन घालून बारीक हवेचे बुडबुडे धरतात, साधारण ५ ते ८ टक्के, म्हणजे फुगणाऱ्या बर्फाला आत जागा मिळते. कॅलगरीत भर हिवाळ्यात चिनूक नावाचं गरम वारं सुटतं आणि काही तासांत तापमान वीसेक अंशांनी चढतं. मग वितळायचं, पुन्हा गोठायचं. त्या फेऱ्यांत कच्च्या काँक्रीटचे वरचे पोपडे उडतात. सीलरचं काम एवढंच की पाणी आत कमी जावं. काँक्रीट ओतल्यावर २८ दिवस जाऊ देतात, पृष्ठभाग पूर्ण कोरडा लागतो, हवा १० अंशांच्या वर लागते. म्हणून तिथं हे काम उन्हाळ्यात उरकतात. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा बारीक थर देतात. पहिल्या हिवाळ्यात बर्फ वितळवायचं मीठ टाकत नाहीत, पाय धरायला वाळू टाकतात. बर्फ ओढायला प्लास्टिकचं फावडं घेतात, लोखंडी धारेनं थर खरवडतो. तिथंही पन्नास वर्षं हलणार नाही असं कुणी सांगत नाही. एवढी निगा राखली तर टिकतं.

यातलं मीठ, फावडं, बुडबुडे आपल्याला लागत नाहीत. कोरडेपणा आणि २८ दिवस मात्र आपल्याला त्यांच्याहून जास्त लागतात, कारण आपल्याकडं चार महिने जमीन ओली असते. ओल्या काँक्रीटवर चमकणारं अॅक्रिलिक सीलर जाड मारलं की आतली वाफ वर यायला बघते आणि थराखाली अडकते. तोच तो पांढरा डाग. दुसरा थर देणं म्हणजे झाकणावर झाकण. नऊ दिवसांच्या, वळवात भिजलेल्या काँक्रीटवर तो हात मारत होता तो पावसाआधी पैसे सुटावेत म्हणून.

भाचीनं एक साधी परीक्षा सांगितली. दीड फूट चौरस जाड प्लास्टिकचा तुकडा घ्यायचा, चारी कडा चिकटपट्टीनं काँक्रीटवर बंद करायच्या आणि रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी खालून थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट पडलं असलं, तर सीलर मारायचं नाही. याला दहा रुपये लागत नाहीत. ठेकेदार हे करू देत नसेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

डब्याची गोष्ट त्याहून कडू आहे. जाताना त्यानं एक रिकामा डबा मागच्या दारी टाकला होता. मी तो पागोळीखाली ठेवला होता. श्रावणात एक दिवस पाणी उपसताना बर्फाच्या डोंगराचं चित्र असलेलं ते लेबल भिजून माझ्या हातात आलं. खाली डब्यावरच छापलेलं दुसरं नाव होतं: थिनर. शहरातल्या एका रंगाच्या दुकानदाराला डबा दाखवला, तळाशी वाळलेला पापुद्रा दाखवला. तो वास घेऊन म्हणाला की आत नेमकं काय होतं ते सांगता येणार नाही, पण परदेशातून आलेला माल पुन्हा थिनरच्या डब्यात कोण भरतो? चौरस फुटाला २८ रुपये आम्ही त्या लेबलाचे दिले होते.

नंतर नळाच्या पाइपसाठी कोपरा फोडला तेव्हा यजमानांनी टेप लावला. दोन इंच, कुठं सव्वादोन. कागदावर चार. भेगा ठरल्या जागी पडाव्यात म्हणून कापायच्या खाचा तर नव्हत्याच. आता एक भेग तुळशीपासून फाटकापर्यंत सरळ गेली आहे.

पैसे मागायला गेलो तेव्हा सीमाभागाचा तिढा पुढ्यात आला. त्याच्या कार्डावर पत्ता कोल्हापूर जिल्ह्यातला, सिमकार्ड इकडचं. रजिस्टर पत्र पाठवलं, ते "पत्ता अपुरा" म्हणून परत आलं. इथं तक्रार द्यायला गेलो तर माणूस तिकडचा आहे म्हणाले, तिकडं चौकशी केली तर काम इकडं झालंय म्हणाले. दोन राज्यांच्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे नवं नाही, आणि अशा लोकांना ते आपल्याहून चांगलं ठाऊक असतं.

म्हणून हे नीट लक्षात घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, समोरचा कुठलाही असो. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आमचं प्रकरण बेळगावच्या आयोगात दाखल केलं आहे. वकिलांनी सही केलेल्या मराठी कागदाचं भाषांतर जोडायला लावलं. पैसे ज्या खात्यात गेले त्याचा तपशील मात्र सगळ्यात कामाला आला, कारण त्यावरून निदान माणसापर्यंत पोचता येतं. रोख दिले असते तर तेही हातात राहिलं नसतं.

अंगण आम्ही दिवाळीपर्यंत तसंच ठेवलं, पोती अंथरून. पाऊस सरल्यावर वडगावच्या एका गवंड्यानं आधी दोन फुटांचा तुकडा करून दाखवला, मग झायलिन नावाच्या द्रावकानं जुना थर मऊ करून ब्रशनं घासून काढला. त्याची वाफ डोक्यात जाते आणि पेट घेते, म्हणून चार दिवस तुळशीपुढं दिवा लावला नाही. सासूबाईंना ते फार लागलं. डिसेंबरात प्लास्टिकची परीक्षा तीन जागी केली, तिन्ही कोरड्या निघाल्या, मगच आत मुरणारं सिलेन-सिलॉक्सेनचं सीलर मारलं. ते पाणी अडवतं पण वाफ बाहेर जाऊ देतं, आणि त्याला चमक नसते. २१ हजार आणखी गेले. रंग ठिपक्याठिपक्यांचा राहिला आहे, पण पाय घट्ट बसतो. आता धुवायला साधं साबणाचं पाणी आणि खराटा. शेवाळाला पातळ ब्लीचिंग, लगेच भरपूर पाणी. संडास धुवायचं अॅसिड अजिबात नाही, ते सिमेंटच खातं.

गेल्या आठवड्यात मच्छ्याहून माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. त्यांच्या दारात काँक्रीट ओतून अकरा दिवस झाले होते, उद्या सीलर मारणार होते. ठेकेदार दुसरा होता, पण मोबाइलवरचा बर्फाचा फोटो तोच. मी यजमानांना घेऊन संध्याकाळीच गेले, सोबत तो थिनरचा डबा, वाळवून ठेवलेलं लेबल आणि प्लास्टिकचा तुकडा. तिच्या पोराकडून कडा चिकटवून घेतल्या. सकाळी सहाला तिनं फोटो पाठवला. प्लास्टिकला खालून थेंब लगडले होते. तिनं त्या माणसाला दारातच तो तुकडा दाखवला आणि दुसरा हप्ता दिला नाही.