व्हीबीए, पॉवर क्वेरी की पायथन? वित्तक्षेत्रात जाणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

वाणिज्य शाखेची पदवी हातात आहे, एक्सेलमधले व्हीलुकअप (दुसऱ्या यादीतून जुळणारी नोंद शोधणारे सूत्र) आणि पिव्होट टेबल अंगवळणी पडले आहे, आता पुढे काय शिकावे, असे विचारणाऱ्या उमेदवाराला साधारण तीन उत्तरे मिळतात. कार्यालयातले जुने सहकारी व्हीबीए (एक्सेलच्या आतली प्रोग्रामिंग भाषा) सुचवतात, क्लासवाले पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा आग्रह धरतात आणि महिनाअखेरीचे एमआयएस (व्यवस्थापनाला द्यायचे अहवाल) ज्याच्या गळ्यात असते तो पॉवर क्वेरीचे, म्हणजे एक्सेलमधल्या याद्या साफ करून जोडणाऱ्या साधनाचे, नाव घेतो. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असल्यामुळे ही साधने एकाच कामावर लावून पाहणे बरे.

असे एक काम लेखा विभागात दर महिन्याला असतेच. १ जानेवारी २०२२ पासून जे बीजक जीएसटीआर-२बीमध्ये (पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून जीएसटी पोर्टल तयार करते त्या विवरणात) उतरले असेल त्याचेच इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेता येते. त्यामुळे १४ तारखेला ते विवरण पोर्टलवर तयार झाले की टॅलीतून काढलेल्या खरेदी नोंदवहीशी त्याचा ताळमेळ घालायचा आणि २० तारखेच्या आत जीएसटीआर-३बी हे मासिक विवरणपत्र भरायचे, अशी धावपळ सुरू होते. यात बेरजा फारशा छळत नाहीत, बीजक क्रमांक छळतात. पुरवठादाराने ‘००४७’ लिहिलेले असते, आपल्याकडे नोंद करणाऱ्याने ‘४७’ टाकलेले असते आणि व्हीलुकअप दोन्ही वेगळे मानून मोकळे होते.

व्हीबीए एक्सेलमध्ये १९९३ साली आले आणि आजही त्याच्या तोडीचे हरकाम्या साधन एक्सेलच्या आत दुसरे नाही. फोल्डरमधल्या तीस फायली एकेक करून उघडणे, प्रत्येक पुरवठादाराच्या फरकाची स्वतंत्र शीट काढणे, आउटलुकमधून त्याला ईमेल पाठवणे, हे सगळे एका बटणावर होते. मात्र बहुतेक जण ते मॅक्रो रेकॉर्डरवरून (आपण एक्सेलमध्ये केलेल्या कृती व्हीबीएच्या कोडमध्ये, म्हणजे मॅक्रोत, उतरवणाऱ्या सोयीवरून) शिकतात आणि तिथेच फसतात. रेकॉर्डर ‘ए२ ते एच४१२’ हा पट्टा जसाच्या तसा लिहून ठेवतो. पुढच्या महिन्यात यादी ४६०व्या ओळीपर्यंत गेली, तर शेवटच्या ४८ ओळी तपासल्याच जात नाहीत आणि मॅक्रो कुठलीही तक्रार न करता काम संपल्याचे सांगतो. त्यातून आधीच्या माणसाने वर ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ (चूक आली तरी पुढे चालू राहा) लिहून ठेवले असेल, तर खऱ्या चुकाही गिळल्या जातात. अशा फायली मी वारशाने घेतल्या आहेत. त्या बनवणारा नोकरी सोडून गेलेला असतो आणि साहेबांना त्या रोज हव्या असतात. शिवाय इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच अडवायला सुरुवात केली आहे आणि ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये व्हीबीए चालत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

पॉवर क्वेरी एक्सेल २०१० आणि २०१३साठी वेगळे जोडावे लागत असे. २०१६ पासून ते डेटा टॅबमध्येच बसवलेले आहे. वरच्या ताळमेळासाठी त्याच्याइतके सोयीचे साधन मला तरी दिसत नाही. दोन्ही याद्या आत घ्यायच्या, बीजक क्रमांक मजकूर म्हणून ठेवून त्याच्या सुरुवातीची शून्ये काढायची, अक्षरे कॅपिटल करायची, मग जीएसटीआयएन (पुरवठादाराचा जीएसटी नोंदणी क्रमांक) आणि बीजक क्रमांक या दोन्हींवर ‘लेफ्ट अँटी’ प्रकारचे मर्ज (याद्यांची जोडणी) करायचे, की आपल्या वहीत आहे पण २बीत नाही एवढीच यादी समोर येते. पुढच्या महिन्यात नवी फाइल जुन्याच जागी ठेवून रिफ्रेश दाबले की झाले. कॅपिटल करण्याची पायरी गाळू नये, कारण व्हीलुकअपला लहान-मोठ्या अक्षरांतला फरक कळत नाही, पॉवर क्वेरीला कळतो. रकान्याचे नाव बदलले तर क्वेरी अडते खरी, पण ती अडल्याचे दाखवते, आणि लेखापरीक्षकाला मुकाट चुकीपेक्षा अशी अडवणूक केव्हाही परवडते. सर्वांत मोठी सोय म्हणजे प्रत्येक पायरी उजवीकडे ओळीने दिसते, त्यामुळे प्रोग्रामिंग न शिकलेला सहकारीही ती वाचू शकतो. ईमेल पाठवणे किंवा तयार नमुन्यातल्या ठरावीक चौकटीत आकडे भरणे मात्र याच्याकडून होत नाही.

पायथनचे वजन वेगळ्या ठिकाणी आहे. आकडेवारी हाताळणारी त्यातली पांडाज ही लायब्ररी (तयार कोडचा संच) वेस मॅकिनी यांनी २००८ साली एक्यूआर या गुंतवणूक संस्थेत असताना लिहायला घेतली, म्हणजे ती वित्तक्षेत्राच्या गरजेतूनच जन्मली. एक्सेलची शीट १०,४८,५७६ ओळींवर संपते. पायथन तिथे थांबत नाही आणि गणिताची चाचणी कोडच्या शेजारीच लिहून ठेवता येते. त्याचे मोल २०१२च्या जेपी मॉर्गन प्रकरणात दिसले: ज्या व्यवहारांत ६ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला, त्यांची जोखीम मोजणारे मॉडेल हाताने कॉपी-पेस्ट केलेल्या स्प्रेडशीटवर चालत होते आणि त्यात सरासरीने भागण्याऐवजी बेरजेने भागले गेले होते. तरीही छोट्या लेखापरीक्षण कार्यालयात पायथन शिकून जाणाऱ्याची पंचाईतच होते, कारण संगणकावर ते बसवायला परवानगी लागते आणि लिहिलेले वाचणारा दुसरा कोणी नसतो. २०२३ साली जाहीर झालेले एक्सेलमधले पायथन या अडचणीवर उपाय वाटते, पण त्याची आकडेमोड मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर होते. अशिलाची माहिती तिथे जाऊ द्यायची का, हे आधी विचारून घ्यावे लागते.

त्यामुळे सीएची आर्टिकलशिप, लेखा विभाग किंवा एमआयएसमध्ये जाणाऱ्याने पहिले दोन महिने पॉवर क्वेरीला द्यावेत आणि नंतर दुसऱ्याचा मॅक्रो वाचून दुरुस्त करता येईल इतपत व्हीबीए शिकावे. चॅटबॉट हवा तसा मॅक्रो लिहून देत असला, तरी त्यातली ४१२ ही संख्या आपल्यालाच दिसावी लागते. जुनी मॉडेले सांभाळणाऱ्या ट्रेझरी विभागात जायचे असेल तर हा क्रम उलटा करावा. जोखीम व्यवस्थापन किंवा संशोधन विभागाकडे डोळा असेल, तर एसक्यूएलच्या (डेटाबेसमधून माहिती काढण्याच्या भाषेच्या) जोडीने थेट पायथन घ्यावे. मुलाखतीत ‘महिनाअखेरीचा रिपोर्ट इथे कशात तयार होतो’ असे विचारायला संकोचू नये. उत्तरात ‘एक्सएलएसएम’ (मॅक्रो असलेली एक्सेल फाइल) आले की काय समोर वाढून ठेवले आहे ते कळते.

सरावासाठी स्वतःच्या बँक खात्याची बारा महिन्यांची विवरणे सीएसव्ही स्वरूपात उतरवून घ्यावीत आणि ती पॉवर क्वेरीने एकत्र करावीत. सोळा अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून आत आला तर एक्सेल पंधराच अंक राखते आणि शेवटी शून्य बसवते. तो रकाना आधी मजकूर करून घ्यावा.