जुन्या 'बॉम्बे दोस्त'च्या नावाखाली ३०,३५० रुपयांना गंडा

इतके दिवस गप्प होतो, कारण काय विकत घेताना फसलो हे चारचौघांत सांगायची सोय नाही. पण त्या भामट्याचा सगळा धंदा याच गप्प बसण्यावर चाललाय, म्हणून आता लिहितोय.

'बॉम्बे दोस्त' अशोक राव कवींनी १९९० साली मुंबईत सुरू केलं. समलिंगी पुरुषांसाठी रीतसर नोंदणी झालेलं देशातलं पहिलं नियतकालिक. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ तेव्हा पुरतं जिवंत होतं. आई-वडिलांच्या, बायकोच्या हाती लागेल या धास्तीनं कित्येकांनी अंक वाचून फाडून टाकले, रद्दीवाल्याला द्यायचीही चोरी. सुरुवातीचे अंक आज सहजी मिळत नाहीत ते त्यामुळे. मला ते हवे होते. यात हावरटपणा काही नव्हता, आपला इतिहास घरात असावा एवढंच.

मग एक विकणारा भेटला, त्याची गोष्ट नेहमीचीच. वारलेले काका, माळ्यावरची ट्रंक, 'दादा, अजून दोघं मागतायत.' १९९० ते ९३ चे अंक. टोकन ६,५००, मग २२,०००, मग कुरिअर आणि विम्याचे म्हणून १,८५०. सगळे यूपीआयवर.

मी आंधळेपणानं पैसे टाकले नाहीत. व्हिडिओ कॉल करायला लावला. त्यानं अंक मधोमध उघडून धरला आणि स्टेपलच्या पिना चकाकल्या. मुंबईच्या हवेत दोन पावसाळ्यांत पिन गंजते, भोवतीच्या कागदावर तांबूस डाग धरतो. इथे कागद तपकिरी आणि पिना जणू कालच मारलेल्या. मी विचारलंसुद्धा. 'गंजल्या होत्या दादा, बदलून घेतल्या.' संग्राहक खरंच पिना बदलतात, म्हणून पटलं. पण पिन बदलली तरी गंजाचा डाग कुठे जातो? जुनी भोकं कुठे जातात? कागद कोरा होता. ते पान अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. तिथेच फोन ठेवला असता तर २३,८५० रुपये वाचले असते.

पार्सलमध्ये रंगीत झेरॉक्स निघाल्या, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या. जुना कागद कडेकडून पिवळा पडतो. हा घडीच्या आतही सारखाच तपकिरी. आतली काही पानं तर चक्क नव्यानं टाइप केलेली. १९९१ च्या म्हणवणाऱ्या अंकात वर्गणीपुढे ₹ हे चिन्ह! ते सरकारनं स्वीकारलं २०१० मध्ये. अंक घेताना आतल्या प्रत्येक पानाचा फोटो मागा. नुसतं मुखपृष्ठ दाखवणाऱ्याला तिथेच सोडा.

आणि पोलीस. ठाण्यात अर्ज वाचणाऱ्यानं मासिकाचं नाव सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं वाचलं. 'कसली पुस्तकं म्हणायची ही? घरी माहीत आहे का?' मी फिर्यादी होतो, आरोपी नव्हे! समलिंगी संबंध गुन्हा नाही हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा आहे, तो त्या टेबलापर्यंत अजून पोचलेला दिसत नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली होती, तिचा क्रमांक दाखवला, तर म्हणाले सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, वस्तू हातात मिळाली ना, मग हा तुमचा आपसातला व्यवहार, ठाण्यात जा. बँकेचं एकच पालुपद, 'यूपीआय पिन तुम्हीच टाकलात.' मोबाइलच्या दुकानात फसलेल्या माणसाला कुणी विचारतं का, की फोन कशाला हवा होता? शेवटी अर्जाची पोच मागितली तर 'कशाला नाव खराब करून घेता' हे वर. भामट्यालाही नेमकं हेच अपेक्षित असतं.

पोच मिळाल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ अर्जात स्वतः लिहा. पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० लावा, पार्सलची वाट बघण्यात माझा तो वेळ गेला. अंक खरा की खोटा याची शंका असेल तर बंगळुरूच्या 'कमरा' या समलिंगी इतिहासाच्या संग्रहासारख्या ठिकाणी पैसे देण्याआधी विचारा. विकणारा 'हे गुपचूप ठेवा, तुमच्याच भल्यासाठी' म्हणाला की व्यवहार मोडा. मला तो तीनतीनदा म्हणाला होता.

काकांच्या ट्रंकेची हीच गोष्ट आणखी कुणाला ऐकवली गेली असेल, तर व्यवहाराचा यूटीआर क्रमांक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि मला कळवा. एकट्याचा अर्ज ते बाजूला सारतात. चार अर्ज एकत्र नेऊ. नावं लिहून, सह्या करून.