सर्टिफिकेट होतं म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो

सिडनीत घर घेतलं तेव्हा बायकोचं एकच म्हणणं होतं, हॉलच्या मोठ्या भिंतीवर इथलंच काहीतरी लावायचं, ज्यांची ही जमीन त्यांच्या हातचं. म्हणून एका गॅलरीत ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं तिथे गेलो आणि ३८०० डॉलर देऊन बसलो. आपली बरीच मंडळी घरासाठी नाहीतर भारतात न्यायला अशी चित्रं घेतात, त्यांच्यासाठी सगळं लिहितोय.

चित्र वेस्टर्न डेझर्ट या इथल्या वाळवंटी भागातल्या एका आजींचं म्हणून सांगितलं, विटकरी रंगावर पांढरे-पिवळे ठिपके, पाणवठ्यांची गोष्ट. १९७१ ला मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या वस्तीतल्या माणसांनी वाळूवर आणि अंगावर काढायच्या खुणा बोर्डवर रंगवायला घेतल्या, पुढच्याच वर्षी पापुन्या तुला ही स्वतःची कंपनी काढली, हे सगळं गॅलरीवाल्याने इतकं छान सांगितलं, आणि ते खरंच आहे, त्यामुळेच आम्ही विश्वास ठेवला. सोबत चित्र अस्सल असल्याचं गॅलरीचं सर्टिफिकेट, आणि आजी चित्राशेजारी बसल्यात असा फोटो. उद्यापासून किंमत वाढणार म्हणाला, लगेच कार्ड दिलं.

आठ महिन्यांनी इन्शुरन्ससाठी व्हॅल्युअर, म्हणजे किंमत ठरवणारा, आला. त्याने समोरून जेमतेम बघितलं आणि चित्र उलटं केलं. मागे मार्करने फक्त गॅलरीचा नंबर. तो म्हणाला, आर्ट सेंटरचा नंबर कुठंय? तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं की वस्त्यांमध्ये कलाकारांची स्वतःची आर्ट सेंटर असतात, तिथे प्रत्येक चित्राची नोंद होते, मागे कलाकाराचं नाव आणि कॅटलॉग नंबर लिहितात आणि सर्टिफिकेट तेच देतात, गॅलरीने स्वतः छापलेल्या कागदाला तसा काहीच अर्थ नाही.

मग फोटो झूम करून बघितला. मागे मोटेलसारखा पडदा, जमिनीवर प्लॅस्टिक अंथरलेलं, आणि खालच्या कोपऱ्यातली पांढऱ्या ठिपक्यांची ओळ अर्धीच आहे, आमच्या चित्रात ती पूर्ण आहे. कोणी पूर्ण केली?

याला इथे कार्पेटबॅगिंग म्हणतात, म्हणजे ॲलिस स्प्रिंग्जसारख्या गावात वयस्कर कलाकारांना आणून खोलीत बसवायचं, थोडे पैसे नाहीतर जुनी गाडी हातावर टेकवायची आणि चित्रं उचलायची. २००७ ला इथल्या संसदेतल्या सिनेटच्या चौकशीत हे सगळं मांडलं गेलंय. आमच्या आजींना ३८०० मधले किती मिळाले हा विचार मनातून जात नाही, आमच्या पैशापेक्षा त्याचाच जास्त त्रास होतो.

आजींच्या आर्ट सेंटरला मेल केला. त्यांनी सरळ लिहिलं, त्या आमच्याकडेच रंगवतात, हा नंबर आमचा नाही, बाहेरच्या चित्राबद्दल आम्ही काही सांगू शकत नाही. गॅलरीवाला म्हणतो तुम्हाला चित्र आवडलं म्हणून तुम्ही घेतलं, आता पैसे परत नाहीत, हवं तर दुसरं घ्या. त्याच्याकडचं दुसरं घेऊन काय करू? फेअर ट्रेडिंग या ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी खात्याकडे तक्रार केलीय, अजून निकाल नाही.

घ्यायचंच असेल तर आधी मागची बाजू बघा, आर्ट सेंटरला स्वतः मेल करा, दुकान इंडिजिनस आर्ट कोडचं (कलाकारांशी नीट व्यवहार करायचे नियम मान्य केलेल्या विक्रेत्यांची संस्था) मेंबर आहे का विचारा, कलाकाराला किती मिळतात तेही विचारा, नीट उत्तर आलं नाही तर निघा. आणि साध्या बूमरँगवरही विश्वास नको, बिरुबी आर्ट नावाच्या कंपनीने इंडोनेशियात बनवलेला माल ॲबोरिजिनल हातचा असल्यासारखा विकला म्हणून २०१९ मध्ये कोर्टाने २३ लाख डॉलर दंड ठोठावला. मोठ्या कलाकारांनाही सोडलेलं नाही, १९९९ मध्ये क्लिफर्ड पॉसम या नामवंत ॲबोरिजिनल चित्रकाराला त्यांच्या नावावरची चित्रं स्वतः बघून ही माझी नाहीत असं सांगावं लागलं होतं, त्यात पुढे एक डीलर दोषी ठरला.

चित्र आता भिंतीवरून काढून कपाटामागे ठेवलंय. बायको टाकून देऊ देत नाही, म्हणते त्यातले निम्मे ठिपके तरी आजींचे असतील.